फाइलचे मराठी नाव आणि मानकाचे मौन

पॉझिक्स या मानकाने १९८८ साली फाइलच्या नावासाठी जी किमान लांबी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर बंधनकारक केली, ती होती १४ बाइट. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेले ‘दादर’ या चौदा बाइटांत बसते, ‘परळ’ही बसते. ‘गिरगाव’ आणि ‘लालबाग’ बसत नाहीत. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो, वेलांटी असो की हलन्ताची खूण, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. गिरगावात अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे अठरा बाइट झाले. चौदाची मर्यादा आता मागे पडली आणि बहुतेक ठिकाणी ती २५५ झाली. पण मूळ अडचण या हिशेबात दिसते. मानक बाइट मोजते, माणूस अक्षरे वाचतो, आणि या दोहोंमधल्या जागेची जबाबदारी कोणाची हे कुठेच ठरलेले नाही. ऑपरेटिंग सिस्टीम मानकाबरहुकूम आहे एवढ्यावर मराठी मजकूर सुरक्षित राहत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिथे सिस्टीमने मानकापलीकडे जाऊन लिपी समजून घेण्याचा प्रयत्न केला, तिथे मराठीचे नुकसान अधिक झाले. उपाय ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये नाही, नाव जिथे पहिल्यांदा लिहिले जाते तिथे आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला पुरावा आहे.

प्रोग्रॅमला फाइल उघडायची असते तेव्हा तो स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो कर्नलकडे मागणी करतो, आणि या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. ओपन, रीड, राइट, क्लोज, रीनेम ही अशा मागण्यांची नावे. १९८०च्या दशकात युनिक्सच्या इतक्या शाखा फुटल्या होत्या की एकाच नावाचा कॉल दोन कंपन्यांच्या यंत्रांवर दोन तऱ्हांनी वागे. म्हणून आयईईई या संस्थेने १००३.१ क्रमांकाचे मानक काढले. पॉझिक्स हे त्याचे सुटसुटीत नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवले. मुंबईला हा विषय परका नव्हता. फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, आणि पुढच्या वर्षांत बँकांच्या खरेदीमुळे युनिक्स देशी संगणक उत्पादकांकडे रुजले. अनेक उत्पादकांच्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम सारखाच चालावा ही गरज इथे रोजच्या व्यवहारातली होती. पॉझिक्सची सर्वांत ताजी आवृत्ती २०२४ची आहे.

फाइलच्या नावाबद्दल या मानकाचे म्हणणे मोजके आहे. नाव म्हणजे बाइटांची ओळ. तिच्यात शून्य बाइट नको आणि तिरकी रेघ नको, कारण ती रेघ फोल्डर वेगळे करायला लागते. बाकी काहीही चालते. कोणत्याही प्रणालीवर हमखास चालतील अशा चिन्हांची एक यादीही मानकात आहे. रोमन लिपीतली ५२ मोठी-लहान अक्षरे, १० अंक, टिंब, अधोरेषा आणि संयोगचिन्ह मिळून ती ६५ भरतात. त्यांत देवनागरीचे एकही चिन्ह नाही. हे वाचून राग येणे स्वाभाविक आहे, पण ही मोकळीक ठेवण्यात मोठे शहाणपण होते. १९८८ मध्ये कर्नलला लिपी शिकवली असती तर ती त्या वेळच्या समजुतीने शिकवली गेली असती. आयएस १३१९४ हे भारतीय लिपींच्या संकेतनाचे मानक त्यानंतर, १९९१ साली आले, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ रचताना एक पथ्य पाळले. अनेक बाइटांच्या कोणत्याही चिन्हात शून्य बाइट किंवा तिरक्या रेघेचा बाइट येणार नाही, अशी त्यांनी व्यवस्था केली. त्यामुळे युनिक्सच्या कर्नलला देवनागरीची ओळखसुद्धा करून द्यावी लागली नाही आणि मराठी नावे चालू लागली. मानकाने जे सांगायचे टाळले, त्यामुळेच हे शक्य झाले.

मात्र मानकाच्या मौनाचा दुसरा परिणाम लिपीशी संबंध नसलेल्या ठिकाणीही दिसतो, आणि तो आधी पाहायला हवा. क्लोज हा कॉल चालू असताना मध्येच संकेत येऊन तो अडला, तर फाइल बंद झाली की उघडीच राहिली? पॉझिक्सने हे कित्येक वर्षे अनिर्णित ठेवले. लिनक्सवर ती बंद झालेली असते, एचपी-यूएक्सवर उघडी राहते, आणि दोन्ही प्रणाली मानकाला धरूनच वागतात. एकावर पुन्हा बंद करायला जावे तर दुसऱ्याच कामाची फाइल बंद होण्याचा धोका, दुसऱ्यावर न करावे तर उघड्या फायली साचत जातात. २०२४च्या आवृत्तीत यासाठी पॉझिक्स-क्लोज नावाचा वेगळा कॉल आणावा लागला. दुसरे उदाहरण २००९चे. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टीमवर यंत्र अचानक बंद पडले की काही फायली शून्य लांबीच्या होऊन परत येऊ लागल्या. प्रोग्रॅम नवी फाइल लिहून तिला जुनीचे नाव देत. नाव बदललेले डिस्कवर पोचे, आतला मजकूर पोचायचा राहिलेला असे. मजकूर डिस्कवर पोचला पाहिजे अशी सक्ती हवी असेल तर एफसिंक हा कॉल करा, मानक तेवढेच सांगते, अशी भूमिका त्या फाइल सिस्टीमचे प्रमुख टेड त्सो यांनी मांडली. मानकाच्या अंगाने ती बिनचूक होती. तरीही फायली गेलेल्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता, आणि २.६.३० या कर्नलपासून ईएक्सटी-४ अशा वेळी मजकूर आधी लिहू लागले. मानकाला धरून असणे आणि भरवशाचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे संगणकशास्त्रातल्या लोकांनी तेव्हाच मान्य केले. मराठी नावांच्या बाबतीत ते अजून मान्य व्हायचे आहे.

मराठीची खास अडचण अर्ध्या र ची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यास’ मजुरी, हे प्रत्येक मराठी वाचकाला नजरेने कळते. गिरगावाच्या कडेला जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता त्या काळात रफार आणि अर्धा र हे वेगवेगळे खिळे होते. जुळाऱ्याने चुकीचा खिळा उचलला तर चूक कागदावर उमटे आणि मुद्रितशोधक ती पकडे. संगणकात गोष्ट उलटी आहे. तिथे एकच दिसणारा अर्धा र तीन वेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो, आणि कागदावर किंवा पडद्यावर त्यातला फरक दिसतच नाही. पहिली तऱ्हा म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त. आयएस १३१९४ची हीच रीत आहे, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ ला स्वतःची कळ आहे. दुसरीत तोच ऱ साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांत फोडलेला असतो. तिसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचे, जागा न घेणारे अदृश्य चिन्ह असते. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ही तिसरी रीत होती. पुढे मानकाने पहिली रीत मुख्य म्हणून स्वीकारली आणि तिसरी जुन्या मजकुरासाठी ग्राह्य ठेवली. युनिकोडच्या नियमांनुसार पहिली आणि दुसरी परस्परांच्या समतुल्य मानल्या जातात. तिसरी मात्र त्यांच्याशी समतुल्य नाही. म्हणजे मजकूर एकरूप करण्याची जी अधिकृत प्रक्रिया आहे, नॉर्मलायझेशन, ती कितीही वेळा चालवली तरी तिसरी रीत पहिलीत बदलत नाही.

आता एका रिकाम्या फोल्डरात चार फायली तयार करायच्या अशी कल्पना करू. एक ‘दर्या’ नावाची, आणि तीन ‘दऱ्या’ नावाच्या, तिन्ही तऱ्हांनी लिहिलेल्या. मराठी वाचकाच्या दृष्टीने बरोबर उत्तर दोन फायली हे आहे, समुद्र एकीकडे आणि तिन्ही दऱ्या एका ठिकाणी. लिनक्सवरच्या साध्या ईएक्सटी-४ फोल्डरात चार फायली तयार होतील, कारण बाइटांच्या ओळी चार आहेत. विंडोजच्या एनटीएफएसवरही चारच. यादी उघडली की तीन नावे हुबेहूब सारखी दिसतील, गोंधळ होईल, पण काही हरवणार नाही. ॲपलच्या एचएफएस प्लसवर मात्र दोनच फायली तयार होतील. संख्या बरोबर आली असे वाटेल, पण वाटणी चुकलेली असेल. एचएफएस प्लस नावे साठवताना ती फोडून साठवते, त्यामुळे पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होतात, इथवर ठीक. पण नावांची तुलना करताना ती झीरो विड्थ जॉइनर नसल्यासारखाच वगळते, हे ॲपलने स्वतः प्रसिद्ध केलेल्या तुलनेच्या तक्त्यात आहे. जॉइनर वगळला की तिसऱ्या तऱ्हेच्या ‘दऱ्या’मध्ये उरतो र, हलन्त, य आणि काना, म्हणजे नेमका ‘दर्या’. दऱ्यांपैकी एक समुद्रात जाते. ‘दर्या’ आधीपासून असेल तर ओपन कॉल नवी फाइल न करता तीच उघडून देतो. रीनेम केले तर मानकाच्याच नियमाप्रमाणे जुनी फाइल निमूट बाजूला सारून तिच्या जागी नवी बसते.

एचएफएस प्लस १९९८च्या आरंभी आली आणि २०१७ पर्यंत मॅकवर तीच मूळ फाइल सिस्टीम होती. मुंबईच्या जाहिरात संस्था, डिझाइन स्टुडिओ आणि छपाईपूर्व काम करणाऱ्या कार्यालयांत मॅकचा वापर मोठा, म्हणून हे उदाहरण इथल्या मराठी मजकुराच्या अगदी जवळचे आहे. याच काळात, २००७ साली, मॅक ओएसच्या १०.५ या आवृत्तीला ओपन ग्रुपचे युनिक्स ०३ प्रमाणपत्रही मिळाले. प्रमाणपत्र हे नेमून दिलेल्या मांडणीला, नेमून दिलेल्या चाचण्यांवर मिळते. त्या चाचण्यांचा रोख कॉल वेळेवर योग्य उत्तर देतो का, चूक झाली तर योग्य क्रमांक परत येतो का, यावर असतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळ्या राहतात का हा प्रश्न तिथे उपस्थित होण्याचे कारणच नव्हते. यात ॲपलची लबाडी नव्हती. अदृश्य चिन्हे तुलनेत धरू नयेत, हा विचार रोमन लिपीपुरता सद्हेतूचा होता. मात्र देवनागरीत ते अदृश्य चिन्ह अर्थ वाहते. या वगळण्याची जगाला जाणीव झाली ती डिसेंबर २०१४ मध्ये, आणि तीही सुरक्षेच्या अंगाने. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीच्या स्वतःच्या राखीव फोल्डराच्या नावात असे अदृश्य चिन्ह घुसवून मॅकवर त्याला फसवता येते हे उघड झाले, आणि गिटला तातडीने नवी आवृत्ती काढावी लागली. जॉइनर त्या धोकादायक चिन्हांच्या यादीत होता. त्याच वर्तनामुळे मराठी शब्दाचा अर्थ बदलतो, याची चर्चा मात्र झाली नाही.

लिनक्स या बाबतीत निर्दोष राहिले असते, पण २०१९ मध्ये ५.२ या कर्नलपासून ईएक्सटी-४ मध्ये मोठ्या-लहान रोमन अक्षरांत भेद न करणारे फोल्डर करण्याची सोय आली. ती आपणहून सुरू केली तरच लागू होते. तिथेही नावांची तुलना करताना युनिकोडने दुर्लक्षणीय म्हटलेली चिन्हे वगळली गेली, आणि जॉइनर त्यांत येतो. म्हणजे रोमन अक्षरांच्या सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेत पुन्हा तीच चुकीची वाटणी आली. मोठे-लहान अक्षर हा भेद देवनागरीत नाहीच, तरी त्याची किंमत देवनागरीने मोजली. २०२४च्या उत्तरार्धात ही चूक सुधारणारा बदल कर्नलमध्ये आला. डिसेंबरात लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो मागे घेतला. जुने वर्तन चुकीचे होते हे त्यांनी मान्य केले, पण त्या चुकीच्या वर्तनावरून काढलेल्या खुणा लोकांच्या डिस्कवर आधीच लिहिल्या गेल्या होत्या, आणि नियम बदलताच जुन्या फायली सापडेनाशा होत होत्या. या सबंध आढाव्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा प्रसंग. कर्नलमध्ये लिपीविषयीची एक चूक शिरली की ती डिस्कवर उतरते, आणि मग ती चूक आहे हे कळूनही काढता येत नाही. १९८८च्या मौनाची बाजू याहून चांगली कोणी मांडू शकणार नाही.

अर्ध्या र खेरीज आणखी काही ठिकाणी हीच गत आहे, त्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. ॲ या चिन्हाला युनिकोडमध्ये जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ते अ आणि वरचा चंद्र असे जोडून लिहीत, कधी मधे जॉइनर घालून. जुनी जोडणी वापरू नये असे मानक आता सांगते, पण दोन्ही समतुल्य मानत नाही. उच्च न्यायालयाच्या परिसरात ‘ॲड.’ने सुरू होणारी किती नावे दोन तऱ्हांनी साठली असतील याची कल्पनाच केलेली बरी. लांबीचे तसेच. २५५ बाइटांत देवनागरीची ८५ चिन्हे बसतात, तर एनटीएफएस २५५ चिन्हे घेते. विंडोजवर दिलेले ऐसपैस मराठी नाव लिनक्सच्या सर्व्हरवर नेताना ‘नाव फार मोठे’ असे उत्तर येते. ‘मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय’ एवढ्या संस्थेच्या नावालाच ७४ बाइट लागतात. ई-क्रिप्ट-एफएससारख्या, नावेही कुलुपबंद करणाऱ्या व्यवस्थेत मर्यादा १४३ बाइटांच्या आसपास येते, म्हणजे निम्मी जागा संस्थेच्या नावातच गेली. क्रमाचा प्रश्न मात्र बराच सुटलेला आहे. पॉझिक्सच्या मूळ लोकेलमध्ये, म्हणजे कोणतीही भाषा न निवडलेल्या मांडणीत, ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो, शालेय वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. पण मानकाने भाषेनुसार क्रम ठरवण्याची सोय पहिल्यापासून ठेवली आहे, ती वापरायची एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा की हे मोजक्या शब्दांचे दुखणे आहे. ते तसे नाही. मराठीत री-कारान्त स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचन करा, अर्धा र येतो: कादंबऱ्या, कचेऱ्या, नोकऱ्या. रा-कारान्त किंवा री-कारान्त शब्दाला विभक्ती लावा, तो पुन्हा येतो: शेतकऱ्याला, किनाऱ्यावर, वाऱ्याने. ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ खेरीज ना आवृत्तीचे नाव लिहिता येते ना खंडाचे. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाची फाइल दोन संस्थांनी दोन तऱ्हांनी नाव देऊन ठेवली तर एकीच्या शोधात दुसरीची प्रत सापडणार नाही, आणि सापडली नाही म्हणून पुस्तकच नाही असा निष्कर्ष निघेल. हा व्याकरणाच्या कण्यात बसलेला ध्वनी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, कारण तो व्यवहारात जिंकलेलाच आहे. फायलींना रोमन लिपीत नावे द्या, ६५ चिन्हांच्या बाहेर जाऊ नका, म्हणजे प्रश्नच उरत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांच्या काळात डीटीपीचे काम करणाऱ्यांना दुसरा मार्गच नव्हता, आणि ती सवय टिकली. पण रोमनमध्ये समुद्र आणि डोंगरांमधल्या जागा, दोन्ही ‘darya’ असेच लिहिले जातात. एचएफएस प्लसने जे नकळत केले तेच आपण जाणूनबुजून करू. शिवाय रोमन लेखन स्वतः एकरूप नाही. गिरगावचे इंग्रजी स्पेलिंग शेवटी एन लावून करतात आणि एम लावूनही, लालबागचे यू घालून आणि न घालता. एका अस्थिर लेखनातून सुटण्यासाठी त्याहून अस्थिर लेखनात जाणे हा उपाय होत नाही. घरगुती फायलींपुरते ठीक आहे, ग्रंथालयाच्या संग्रहाला ते परवडणार नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. कर्नलनेच सगळी नावे नॉर्मलाइज करावीत, म्हणजे एकदाच काम होईल. याचे उत्तर वर येऊन गेले आहे. नॉर्मलायझेशनने जॉइनरची रीत ऱ मध्ये बदलत नाही, म्हणून निम्मा प्रश्न तसाच राहतो. आणि ज्या प्रणालीने ते केले, तिच्यावर दिलेले नाव आणि परत मिळणारे नाव वेगळे होऊ लागले. पहिल्या तऱ्हेने नऊ बाइटांत दिलेला ‘ऱ्य’ यादी मागितली की बारा बाइटांचा होऊन परत येई. मिळालेल्या नावाची बाइटांनी तुलना करणारे प्रोग्रॅम त्यामुळे गोंधळत. गिटने २०१२ मध्ये यासाठी वेगळी सोय केली. ॲपलने २०१७ मध्ये एपीएफएस आणताना आधी आयफोनवर हे एकरूपीकरण सोडून दिले, आणि काही महिन्यांतच वेगळ्या रूपात परत आणले: दिलेले नाव जसेच्या तसे ठेवायचे, समतुल्यता तुलनेपुरतीच पाहायची. ही रीत आधीच्याहून पुष्कळ बरी आहे. तरी तीही समतुल्यतेच्या तक्त्यापलीकडे जाऊ शकत नाही, आणि तक्त्यात आपला प्रश्न नाही.

मग जबाबदारी कोणाची? इथे डोमेन नावांचा दाखला उपयोगी पडतो, कारण तोच प्रश्न तिथे येऊन सुटला आहे. जुन्या नियमांत जॉइनर पुसून टाकला जाई. २०१०च्या नियमांत तो हलन्तानंतर ग्राह्य ठरला. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २०१४ साली सुरू झाले. अशा सर्वांत वरच्या पातळीवरच्या नावांसाठी देवनागरीचे नियम करताना जॉइनर पूर्णपणे बाहेर ठेवला गेला, आणि मराठीसाठी ऱ स्वीकारला गेला, तोही पुढे हलन्त असेल तरच. नाव नोंदतानाच एक रीत मान्य, दुसरी अमान्य. पुढच्या कोणत्याही यंत्राला लिपी समजण्याची गरज राहिली नाही. फाइलच्या नावांबाबत हेच करता येते. कळफलकाने अर्धा र एकाच रीतीने द्यावा, फाइल साठवण्याच्या खिडकीने जॉइनरची रीत दिसली तर ती ऱ मध्ये बदलून द्यावी, आणि कर्नलने आले ते बाइट जसेच्या तसे सांभाळावेत. पॉझिक्सला यासाठी हलवण्याची गरज नाही. मात्र ते हलूच शकत नाही असेही नाही. २०२४च्या आवृत्तीने नावात नवी ओळ सुरू करणारा बाइट असेल तर तो नाकारण्याला उत्तेजन दिले आहे, कारण त्याने प्रोग्रॅम फसतात हे दीर्घ अनुभवाने सिद्ध झाले.

नियम करण्याची जागा आपल्याकडे आहे. मराठीच्या प्रमाण वर्णमालेविषयी शासन निर्णय मंत्रालयातून ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला, आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच विषयावर नवा निर्णय आला. पाकळीयुक्त ल, देठयुक्त श, जोडाक्षरांची मांडणी, वर्णांचा क्रम यांबद्दल अशा निर्णयांनी जी बारकाई दाखवली, तीच बाइटांच्या बाबतीत दाखवायला हवी. अर्धा र कोणत्या सांकेतांकांनी लिहायचा, ॲ कोणत्या, एवढ्या दोन-तीन ओळींचा तो नियम असेल. धोबीतलावच्या राज्य मराठी विकास संस्थेने तो मांडावा आणि प्रभादेवीच्या विश्वकोश निर्मिती मंडळाने, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने, फोर्टच्या पुराभिलेखागाराने तो आपापल्या फायलींना लावावा, हे कामाच्या आवाक्यातले आहे. त्यासोबत खरेदीच्या अटींमध्ये चार फायलींची ती चाचणी घालावी. जी प्रणाली ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक करते ती मराठी संग्रहासाठी घेऊ नये, मग तिच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र असो.

जुन्या मजकुराचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तिथे क्रम चुकवून चालणार नाही. एचएफएस प्लसच्या डिस्कवरून नक्कल करताना आधी नावांची यादी बाइटांसकट काढून ठेवावी, मगच नावे बदलावीत, कारण बदललेले नाव परत मूळ रूपात आणता येत नाही. लिनक्सवरून अशा डिस्कवर काही नेले असेल तर दोन्हीकडच्या फायलींची संख्या मोजावी. कमी भरली तर कोणती तरी जोडी एक झाली आहे. पण ज्या संग्रहाची एकच प्रत होती आणि ती अशाच डिस्कवर होती, तिथे कोणती फाइल दुसरीखाली गाडली गेली हे डिस्क सांगू शकत नाही. ते बाहेरून ताडावे लागेल. जुन्या पुस्तकांपुरती त्याची सोय आहे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची छापील नोंद आहे. फायलींची यादी तिच्यापुढे ठेवून, अर्धा र असलेली शीर्षके आधी घ्यावीत आणि एकेक तपासत जावे.